हस्कीचा फोटो आणि माझी वही

इंदूर, लोकमान्य नगर
वैशाखातली दुपार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुला घ्यायचंय त्या हस्कीच्या पिल्लाचा फोटो पाहिला. तुझ्या आईने मला तो तीनदा दाखवला, एकदा त्याचे निळे डोळे मोठे करून. "तूच सांग गं तिला काहीतरी," म्हणाली. मी काय सांगणार? आमच्या घरात गेली तीस वर्षं सोफ्यावर केस नाहीत असा दिवस उजाडलेला नाही. कुत्रं पाळू नकोस म्हणायचा मला अधिकारच नाही. पण तू लिहिलंयस, 'मावशी, २८ हजार एकदा दिले की संपलं', ते वाचून माझ्यातली जुनी कॅशियर उठून बसली. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू "हो गं, हो गं" करत विषय बदलला असतास.

आधी त्या विकणाऱ्याचं बघू. पिल्लू ३५ दिवसांचं आहे, आत्ताच नेलं तर दोन हजार कमी, असं म्हणतो ना तो? कमी का, ते विचारलंस? त्याचा पुढच्या तीन आठवड्यांचा खुराक आणि पहिली लस वाचते म्हणून. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दल केंद्राने २०१७ साली नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. मधल्या या दिवसांत पिल्लू भावंडांना चावतं, भावंड केकाटतं, आई दटावते, आणि दात कुठवर लावायचे ते त्याला तिथे कळतं. तिथे नाही कळलं तर मग ते तुझ्या मनगटावर शिकतं.

आमचा मोती असाच आला होता. १९९२ चा पावसाळा, भाजीच्या पिशवीतून आणला, जेमतेम चाळीस दिवसांचा. सहाव्या दिवशी ओकला. आम्ही म्हटलं, जागा बदललीय, पोट बिघडलं असेल. ताकभात दिला. दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. पार्व्हो नावाचा विषाणू. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला तोवर अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की सलाईनला शीर सापडेना. पुढच्या पायाचे केस भादरले, मग दुसऱ्या, मग मागच्या. पहाटे चारला यांच्या जुन्या धोतरावर तो गेला. डॉक्टर म्हणाले, काही महिने दुसरं पिल्लू आणू नका, हा विषाणू घरात टिकून राहतो आणि फिनाइलला दाद देत नाही, ब्लीचिंगच्या पाण्याने फरशी धुऊन काढा. लशीला किती पडले असते, हे अगदी तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

ती लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. एकदा टोचली की झालं, असं लोक समजतात. आईकडून आलेली ताकद पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती ताकद नेमकी कधी ओसरेल ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून परत परत टोचायची. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि पुढे वेळच्या वेळी. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी. ही मालिका पुरी होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, म्हणजे सगळं घरातच पुसायचं. तेवढ्या सुट्ट्या आहेत तुझ्याकडे?

आता खर्चाच्या वहीतलं आमच्या आत्ताच्या भुरीच्या पहिल्या वर्षाचं पान काढून बसलेय. ती रस्त्यावर सापडलेली, म्हणजे किंमत शून्य. लशी, जंताची औषधं, डॉक्टरांची फी, पट्टा, साखळी, दोन वाट्या, नसबंदी आणि मोजा गिळला म्हणून एक्स-रे, सगळं मिळून २३,६४० रुपये. खाणं वेगळं. मोजा दुसऱ्या दिवशी आपणहून बाहेर आला, एक्स-रेचे पैसे काही आले नाहीत. हे माझे आकडे, माझ्या डॉक्टरांचे, तेही काही वर्षांपूर्वीचे. तुझ्या विजय नगरात आज जास्तच लागतील.

नसबंदीवर पैसे कशाला, असं तुला वाटेल. मलाही वाटायचं. निसर्गाच्या मध्ये आपण का पडा, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचे. मग २०१४ चे गणपती आले. आमची तेव्हाची कुत्री चिमी आठ वर्षांची. स्वयंपाकघराच्या दाराशी तिचं स्टीलचं पातेलं असायचं, ते एरवी दिवसातून एकदा भरलं की पुरे. त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा भरत होते आणि हे माझ्या लक्षातही येत होतं. पण घरात पाहुणे, मोदकांचं सारण, आरतीची गडबड. म्हटलं, उकाडा आहे, पाणी पितेय ते बरंच. गौरी गेल्या त्या रात्री ती पलंगाखालून बाहेर येईना. पेढा पुढे केला तर तोंड फिरवलं. चिमीने पेढा नाकारला तेव्हा मी चप्पल शोधायला लागले.

सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं दिसलं. पायोमेट्रा म्हणतात त्याला. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत होतो, नसबंदी न केलेल्या आणि वयाने वाढलेल्या माद्यांत जास्त, आणि तहान वाढणं ही त्याची नेहमीची खूण. रात्रीच ऑपरेशन. चार दिवस सलाईन. वहीत ३१,२०० लिहिलेलं आहे, आणि खाली यांच्या अक्षरात, 'नसबंदी तेव्हाच केली असती तर ५-६ हजार.' ते माझ्याशी बोलले काहीच नाहीत, फक्त लिहून ठेवलं. चिमी पुढे चार वर्षं जगली.

काल सगळी वही चाळली. पाच आकडी रक्कम जिथे जिथे आहे, तिथे आधीच्या आठवड्यात आम्हाला काहीतरी दिसलेलं होतं आणि आम्ही 'बघू उद्या' म्हटलं होतं. गोचिडीच्या तापाचंही तेच. पावसाळ्यात गोचिडी होतातच म्हणून बोटांनी काढत बसलो, नाकातून रक्त आलं तेव्हा धावलो. रक्ततपासण्या, प्लेटलेट, २८ दिवस डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या. गोचिडीची महिन्याची गोळी मला तेव्हा महाग वाटत होती.

आणि पोहे. तू इंदूरची, म्हणजे रविवारी पोहे-जिलबी येणार, आणि ते पिल्लू टेबलाखाली बसून बघणार. कांद्याने आणि लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट तर नाहीच. अंग दुखत असेल म्हणून घरातली आयब्युप्रोफेन देऊ नकोस, आणि कुत्र्याऐवजी मांजर आणायचं ठरवलंस तर तिला पॅरासिटामॉल चुकूनही नको, एका गोळीत जाते ती.

पैशाचं काय करायचं, तर माझा उपाय जुना आहे. पिल्लू आणण्याच्या सहा महिने आधी बँकेत आरडी उघड, दर महिन्याला दोन हजार भरायची. जमलं तर तुझ्याकडे १२ हजार असतील आणि दर महिन्याला दोन हजार कुत्र्याला बाजूला पडतात हेही अंगवळणी पडेल. नाही जमलं, तर उत्तर तिथेच मिळालं, आणि कुणाचा जीव न जाता मिळालं. विमाही मिळतो हल्ली. त्यात वयाची अट असते, सुरुवातीचे काही दिवस संरक्षण नसतं, आधीपासूनचा आजार धरत नाहीत, लसींचं कार्ड मागतात. तू घे, पण बारीक अक्षरं वाचून घे.

डॉक्टरांशी पैशाचं बोलायला आपल्याकडे लोक लाजतात. मी पण लाजायचे. एकदा एका ठिकाणी एकदम सहा तपासण्या लिहून दिल्या, मी मुकाट्याने सगळ्या केल्या आणि घरी येऊन चिडले. चूक माझीच, तोंड उघडलं नाही. आता आत गेल्या गेल्या सांगते, "डॉक्टर, आज माझ्याजवळ आठ हजार आहेत. यात आधी काय करायचं, आणि उद्यावर काय टाकलं तर चालेल?" आजवर कुणी वाईट मानलं नाही. उलट चांगला डॉक्टर नीट क्रम लावून देतो. ते महागही उगाच नसतात. एक्स-रेचं यंत्र माणसाचं काय नि कुत्र्याचं काय, पैसे तेच, आणि शिकायलाही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घालवलेली असतात. फक्त तो पशुवैद्यक परिषदेत नोंदलेला आहे ना, एवढं बघ. मेडिकलच्या काउंटरवरून 'कुत्र्याला उलट्या होतायत, द्या काहीतरी' असं करू नकोस.

आणि महू विसरू नकोस. १९५५ पासून तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इथून तासाभराच्या आत. आमच्या राजाला शेवटी तिथेच नेत होतो. टेबलाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका, प्रत्येकाला त्याच्या पोटावर हात ठेवून बघायचंय, आणि राजा भाव खात पडलेला. पैसे थोडे लागतात, दिवस मात्र अख्खा जातो. डबा घेऊन जायचं.

राजाची मूत्रपिंडं गेली होती. तेरा वर्षांचा. सहा दिवस सलाईन लावलं. चौथ्या दिवशीच डॉक्टरांनी हळूच विचारलं होतं की त्याला कायमचं झोपवायचं का. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते पुढचे दिवस माझ्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. याचाही खर्च असतो, इंजेक्शनचा आणि नंतर त्याला पुरायचं कुठे त्याचा. तिसऱ्या मजल्यावर राहतेस, हे आत्तापासून ठाऊक असू दे.

हस्की. आता बोलतेच. दोन थरांचं केसाळ अंग सायबेरियाच्या थंडीसाठी आहे गं. आज आपल्याकडे दुपारी कावळा बाहेर नाही. तू सुपर कॉरिडॉरला ऑफिसात दहा तास, तो खोलीत, आणि लाइट गेली तर? तापलेल्या कुत्र्याला वाचवायला फार वेळ मिळत नाही. मग पुढचा प्रश्न, पुण्याला बदली. तू जाणार, तुमच्यात सगळेच जातात. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मे महिन्यात हस्की. घरमालकाचंही विचारून ठेव आणि करारात लिहून घे. सोसायटीला कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलंय, पण ती सूचना घेऊन तू रात्री दहाला घरमालकाशी भांडणार आहेस का?

आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात पट्टा घातलेलं एखादं कुत्रं दिसतं. गाडी दिसली की पळत जातं, काचेत बघतं, परत येतं. १९६० च्या कायद्यात असं सोडून देणं गुन्हा आहे, पण त्या कुत्र्याला कायद्याचं काय. मागच्या वर्षी एक बीगल होता. तीन दिवस त्याच कोपऱ्यावर बसून होता, चौथ्या दिवशी पलीकडच्या काकांनी नेला.

तरी पाळायचंच असेल तर तुझ्या बिल्डिंगखाली गेल्या दिवाळीत व्यालेल्या त्या तपकिरी कुत्रीची पिल्लं बघ. एक अजून तिथेच आहे, कान उभे-आडवे असलेलं. इथला मे महिना त्याच्या जातीला नवा नाही. लशी त्यालाही लागतात, नसबंदी तेवढ्याच पैशांत, आरडीही तीच. शिवाय नगर निगमात नोंद करायची आणि फिरवताना खिशात पिशवी ठेवायची. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर आपलं, इथे पोह्याचा द्रोण खाली टाकला तर चार जण बघतात, कुत्र्याने घाण केली तर चाळीस.

त्या माणसाला आगाऊ रक्कम अजून दिली नसशील तर देऊ नकोस. रविवारी भुरीची रेबीजची लस आहे. सकाळी नऊला ये. दवाखान्यात तिला धरायला हल्ली माझे दोन हात पुरत नाहीत, आणि फी किती, कार्डावर काय लिहितात, बाहेर बाकावर लोक काय बोलतात, ते तुला आपोआप कळेल. येताना एखादा जुना टॉवेल आण, तिथलं टेबल गार असतं. पांढरा कुर्ता घालू नकोस.

तुझी,
मावशी