गोष्टीतलं मरण खरं कधी वाटतं?

प्रश्न : कथा-कादंबऱ्यांत कुणी मेलं की पानभर रडारड असते पण मला काहीच होत नाही, आणि कधी एका साध्या वाक्याने घशात आवंढा येतो. असं का होत असेल?

उत्तर : कारण मरण थेट दाखवताच येत नाही हो, जो गेला तो सांगायला परत येत नाही, मग लेखकाच्या हातात उरतं ते आजूबाजूचं. टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही १८८६ सालची छोटी कादंबरी बघा, सुरुवातीलाच इव्हान गेल्याची बातमी येते आणि ऑफिसमधल्या मित्रांच्या मनात पहिलं काय येतं तर आता त्याची जागा कुणाला, प्रमोशन कुणाला! भेटायला आलेला मित्र बसतो त्या आसनाची स्प्रिंग खराब, ते खालून कुरकुरतंय, आणि विधवा बाई डोळे पुसत पेन्शनचं विचारतेय. मला तर ती कुरकुरच जास्त लागते. आणि पुढे गोष्ट मागे इव्हानच्या आजारपणात जाते, तिथे तो गेरासिम नावाचा नोकर, मालकाला बरं वाटावं म्हणून त्याचे पाय रात्र-रात्र खांद्यावर धरून बसतो, बाकी सगळे 'बरे व्हाल' म्हणून खोटं बोलत असताना हा एकटाच खोटं बोलत नाही. आपले तुकोबा तर स्वतःचं मरण स्वतःच्याच डोळ्यांनी पाहिल्याचं सांगतात, आणि तिथे रडणं नाहीच, सोहळा आहे. म्हणजे भाराभर अश्रू लागतच नाहीत, नीट पाहिलेली एक गोष्ट पुरते. तुम्हाला आवंढा आणणारं ते वाक्य कुठलं, जमलं तर नक्की कळवा.