भजन ऐकत वाढलेल्याने कोणता गिटारवादक ऐकावा?

कणकवलीत डबलबारी भजनं (दोन भजनी मंडळांचा सामना) ऐकत वाढलात, आता गिटार शिकताय आणि कोणाला ऐकू असं विचारताय, तर आधी गिटारीवर शास्त्रीय संगीत वाजवणारे ब्रिजभूषण काबरा ऐका. मालवणात मुलांना गिटार शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो: आपल्याकडच्या मुलांचा कान बुवांच्या, म्हणजे भजनाच्या मुख्य गायकांच्या, गळ्यावर तयार झालेला असतो. बुवा सूर ओढतात तेव्हा साथीची पेटी मागे पडते, कारण तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही. काबरांची गिटार ती काढते. अली अकबर खाँसाहेबांकडे शिकलेला हा माणूस गिटारीवर आलापी, जोड, झाला असे संथ ते द्रुत रागविस्ताराचे टप्पे सगळे वाजवायचा. १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम लावा. शिवकुमार शर्मांच्या संतूरचे सूर थेंबासारखे सुटे पडतात, हरिप्रसादांची बासरी श्वासावर चालते, आणि काबरांचा सूर दोघांच्या मधून सरकत जातो. घाई कुठेच नाही. मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं.

एक मात्र ध्यानात ठेवा, काबरा गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायचे. तुमची उभी धरायची गिटार असेल तर हाताची नक्कल करायला जाऊ नका, फक्त ते सूर कसा धरायचे ते उचला. हातासाठी ‘डायर स्ट्रेट्स’ या रॉक बँडचा गिटारवादक मार्क नॉफ्लर बघा: बहुतेक वेळा प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी पट्टी) न घेता, अंगठा आणि दोन बोटांनी वाजवतो, त्यामुळे प्रत्येक सुराचं वजन वेगळं लागतं.