आधी वाक्य मोड, मग हू-व्हिच बघ

अगं, तुझा मेसेज वाचला. इंग्रजीतल्या रिलेटिव्ह क्लॉजचा, म्हणजे नामाबद्दल सांगणाऱ्या जोडलेल्या उपवाक्याचा, तक्ता तोंडपाठ आहे, हू माणसाला, व्हिच वस्तूला, दॅट दोन्हीला, आणि तरी लिहायला बसलं की अडतं म्हणतेस. अडणारच, तक्त्यात उत्तर नाहीचे. वाक्य मोड.

तुझंच वाक्य घे, 'द बुक व्हिच यू गेव्ह मी इट वॉज गुड'. मोडलं की दोन होतात, 'द बुक वॉज गुड' आणि 'यू गेव्ह मी द बुक'. जोडताना दुसऱ्यातलं 'द बुक' जातं, त्याच्या जागी व्हिच येतं आणि पुढे सरकून पहिल्या 'बुक'ला चिकटून बसतं. पहिल्या वाक्यात कर्ता आधीच आहे, मग इट कशाला घुसवलंस? मराठीत 'जे पुस्तक तू दिलंस ते चांगलं होतं' यात 'ते' हवंच, त्या सवयीनं येतं, कळतं मला, पण इंग्रजीत त्याला जागा नाही.

हू कधी गाळायचं हे विचारलंयस. मोडून बघ ना! 'द मॅन हू कॉल्ड मी', इथे 'द मॅन कॉल्ड मी', माणूस कर्ता आहे, हू काढलं की जोडवाक्य कोसळतं. 'द मॅन आय मेट' मोड, 'आय मेट द मॅन', माणूस कर्म, म्हणून हू नसलं तरी चालतं. 'द चेअर आय सॅट ऑन' मधला तो शेवटचा ऑन कुठून आला हेही मोडल्यावरच दिसतं.

मला शाळेत कुणी हे करून दाखवलं नाही, नियम घोकून घेतले, त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. म्हणून मी हट्टानं मोडायलाच लावते, मुलं वैतागतात, फार वेळ जातो म्हणतात, जाऊ दे, तो वेळ वाया जात नाही.

स्वल्पविरामाचंही तेच. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड' असं विरामाशिवाय लिहिलंस तर भाऊ अनेक आहेत, त्यातला परदेशातला, असा अर्थ निघतो. एकच भाऊ असेल तर क्लॉजच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दे, आणि तिथे दॅट अजिबात नको.

आता तुझ्या निबंधातलं एकेक जोडवाक्य मोडून पाठव. दुरुस्त करू नकोस, नुसतं मोड, जोडायचं आपण एकत्र बघू.