‘एस्केप’ म्हणजे पलायन नव्हे, झूल उतरवणे

परसोडीच्या आयटी पार्कात नोकरीला असलेल्या भाच्याचा परवा रात्री निरोप आला. "मामाजी, नव्या पोरांसाठी लिनक्स या संगणकप्रणालीचं टिपण मराठीत लिहून राहिलो. आधी दिलेल्या कमांडांच्या यादीत, म्हणजे हिस्टरीत, डॉलर ($), चांदणी (*) असली चिन्हं शोधायची तर ती आधी एस्केप करावी लागतात. एस्केपला मराठीत काय लिहू? आणि स्पेशल कॅरेक्टर म्हणजे विशेष अक्षर की विशेष चिन्ह?" खाली टिपणातलं वाक्य: "शोधण्यापूर्वी विशेष अक्षरांचे पलायन करावे."

पलायन! अरे, कोण पळालं? चांदणी जिथल्या तिथे बसलेली असते. तिने हलू नये, भलतं काही करू नये, संगणकाने तिचा खास अर्थ न घेता ती नुसती चांदणी म्हणून वाचावी, याचसाठी तर सगळा खटाटोप. हे ‘पलायन’ आणि त्याची भावंडं ‘निसटवा’, ‘सुटका करा’ अलीकडे जिथे तिथे भेटतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. शब्दकोश उघडायचा, पहिला अर्थ उचलायचा, चिकटवून मोकळं व्हायचं.

तुरुंगातून निसटणे वगैरे अर्थ कुणाला सांगायला नकोत. खरी मजा शब्दाच्या मुळात आहे. इंग्रजी ‘एस्केप’ फ्रेंचमार्गे आला, आणि त्याच्यामागे बोलीतल्या लॅटिनचं *एक्सकप्पारे हे रूप मानतात. एक्स म्हणजे बाहेर, कप्पा म्हणजे अंगावरचा झगा. पाठलाग करणाऱ्याच्या हाती नुसता झगा राहिला आणि माणूस त्यातून बाहेर, असं ते चित्र. (त्या रूपाआधीची चांदणी पाहिलीत? व्युत्पत्तीवाले ती ‘हे रूप लिहिलेलं सापडत नाही, अंदाजाने मांडलंय’ हे सांगायला लावतात. म्हणजे इथेही तिच्या अंगावर एक झगा आहेच.)

आता हेच आपल्याकडे आणा. पोळ्याला बैल धुतात, शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात. त्या दिवशी तो देव. संध्याकाळी झूल उतरली की तोच बैल गोठ्यात कडबा खातो. बैल बदलत नाही, पळत तर नाहीच, फक्त मान उतरतो. मंत्रिपदाची झूल, अध्यक्षपदाची झूल आपण रोज बोलतो, ती गेल्यावर माणसाचं काय होतं तेही रोज पाहतो. एस्केप करणं म्हणजे नेमकं हेच: चिन्हाची झूल उतरवणे. कप्पा म्हणजे झूल, एक्सकप्पारे म्हणजे झुलीतून बाहेर. इतकं चपखल जुळत असताना पलायन कशाला?

भाच्याने रात्री अकराला पडदा दाखवून एक गंमत केली, तिने माझी खात्रीच पटली. हिस्टरीची यादी त्याने पाइपने, म्हणजे उभ्या रेघेने, ओळी शोधणाऱ्या ग्रेप या प्रोग्रामकडे पाठवली आणि एकेरी अवतरणात $ शोधायला सांगितला. दोनचार ओळी येतील म्हणून बसलो, तर अख्खी यादी धो धो वाहत गेली. बॅश हा त्याचा शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. त्यात मुळात 500 ओळी साठवायची सोय असते, याने ती वाढवून ठेवलेली. झालं असं, की $ च्या अंगावर दोन झुली होत्या, एकीवर एक. वरची शेलची: डॉलरला जोडून नाव आलं की शेल तिथे त्या नावाची किंमत घालतो. ती अवतरणाने उतरली. खालची ग्रेपची: तिथे $ म्हणजे ओळीचा शेवट. शेवट तर प्रत्येक ओळीला असतोच, म्हणून प्रत्येक ओळ हजर! मग त्याने अवतरणाच्या आतच डॉलरआधी उलटी तिरपी रेघ दिली, दुसरी झूलही उतरली, आणि हव्या त्याच ओळी आल्या. रेघ दिली, पण अवतरण नाही, असं केलं असतं तर ती रेघ शेलनेच खाल्ली असती आणि ग्रेपपुढे $ पुन्हा झुलीसकट. चांदणीचंही असंच. उघडी टाकली तर शेल तिच्या जागी फोल्डरातल्या फाइलींची नावं मांडतो. उद्गारचिन्ह सगळ्यांत हट्टी: त्याला जोडून काही लिहिलं तर दुहेरी अवतरणातही त्याची झूल अंगावरच राहते, एकेरीतच उतरते. आणि ग्रेपला मोठा एफ हा पर्याय दिला की तो सगळ्याच चिन्हांना बिनझुलीचं समजतो. पलायनाने यातलं काही समजावून दाखवा मला.

रामटेककडचे आमचे एक संस्कृतज्ञ स्नेही आहेत. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "झूल ग्राम्य आहे, ‘स्वरूपण’ म्हणा." आणि पाणिनीचं सूत्र तोंडावर फेकलं: स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा. व्याकरणात शब्द आला की त्याचं स्वतःचं रूप घ्यायचं, अर्थ नाही. फक्त व्याकरणाच्या ठरवलेल्या संज्ञा वगळून. अग्नीला प्रत्यय लावा म्हटलं तर तो ‘अग्नि’ या शब्दाला लावायचा, चुलीतल्या निखाऱ्याला नव्हे. सूत्र लाखमोलाचं आहे, कबूल. पण गुरुजी, ते तुमच्याच विरुद्ध जातं! पाणिनीकडे स्वरूप हा नियम आणि संज्ञा हा अपवाद. शेलमध्ये या चिन्हांपुरतं उलटं: झूल आधीच चढलेली, स्वरूप मागून घ्यावं लागतं. शिवाय ‘स्वरूपण करा’ म्हटल्यावर आयटी पार्कातलं पोरगं आधी टपरीवर जाईल.

आता ‘झूल’चीही व्युत्पत्ती विचाराल. झुलते म्हणून झूल, असं सांगणारे भेटतात. मला पटत नाही. अरबीत ‘जुल्ल’ म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायचं कापड. घोड्यामागून शब्द आला आणि बैलाच्या पाठीवर बसला, असं माझं मत. तिकडे झुलण्याचा संबंध नाही. झुलते ती गोंड्यांची किनार.

भाचा शेवटी म्हणाला, "पण मामाजी, कंट्रोल-आर दाबून शोधलं तर यातलं काहीच लागत नाही. चिन्ह जसं टाइप करू तसंच शोधतो." बरोबर आहे, तो शोध साधा, तिथे झूल नाहीच. मग ते आधी सांगायचं होतंस की.

त्याचा दुसरा प्रश्न राहिला. चिन्ह. अक्षर नव्हे.