वयाच्या 44व्या वर्षी हिमालयन घेतली आहे, मातीत चालवायला कसं शिकू?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वीस वर्षं डांबरावर गाडी चालवली, आता रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन 411 मोटरसायकल घेतली, पण कच्चा रस्ता लागला की पुढचं चाक पळतं आणि अर्ध्या तासात मनगटं भरून येतात. आणि येत्या जुलैत हिमाचलातल्या स्पितीला जायचंय.

मीही चाळिशी ओलांडून या नादाला लागलो, गाडीही हीच. तुमच्या प्रश्नातलं मनगटांचं वाक्य वाचून हसू आलं, कारण सगळा रोग तिथंच आहे. तुम्ही हँडल आवळून धरताय.

माझं गाव खटाव तालुक्यात. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मोठ्या ऐटीत गावाकडच्या माळावर गेलो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन्ही बॉक्स लावलेले, पायात पळायचे बूट. माळ म्हणजे वर मुरमाचा थर, खाली कडक जमीन. चालताना चपलेखालूनसुद्धा मुरूम सरकतो. वीसच्या वेगात वळायला गेलो, चाक जरा हललं, मी घाबरून हँडल घट्ट धरलं आणि बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर गेली. पुढचं चाक सरकलं. मी सवयीनं डावा पाय टेकला, तो जमिनीवर थांबला, गाडी थोडी पुढे आली आणि मागचा बॉक्स पोटरीवर बसला. हाड वाचलं, पण तीन आठवडे जिना बाजूनं उतरत होतो.

चुलतभाऊ बांधावर बसून बघत होता. तो रोज याच वाटेनं साध्या 100 सीसी गाडीवर दोन पोती खत घेऊन जातो. म्हणाला, "दादा, बैलाचा कासरा असा ओढून धरलास तर बैल चालंल का?" तेव्हा राग आला होता. पुढे पैसे भरून एका ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, तिथल्या पोरानं तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

शाळेत असताना तुम्ही दोन्ही हात सोडून सायकल चालवली असेल. ती सरळ का जायची? पुढचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) तिरका असतो, त्यामुळे चाकाला स्वतःहून सरळ व्हायची ओढ असते. मोटरसायकलचंही तसंच. दगडावरून चाक उजवीकडे उडालं तर ते आपण होऊन परत येतं, फक्त त्याला येऊ द्यायला हवं. आवळलेला हात नेमकी तीच वाट अडवतो. शिवाय ताठ हातातून प्रत्येक खड्डा थेट खांद्यात जातो आणि खांद्याचा हिसका परत हँडलमध्ये. मी स्वतःला तपासायची एक खूण ठेवली आहे: चालत्या गाडीवर बोटांनी ग्रिपवर तबला वाजवता आला पाहिजे. नाही वाजला, तर काहीतरी चुकतंय.

आता हात सैल सोडायचे तर शरीर कशानं धरायचं? पायांनी. उभं राहायचं ते याचसाठी. लोकांना वाटतं उभं राहणं म्हणजे रुबाब. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) बुटाचा मधला भाग, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला चिकटलेले, कंबर थोडी मागे, कोपरं बाहेर, नजर लांब. असं उभं राहिलं की खड्डे गुडघ्यात जिरतात आणि गाडी खाली हवी तशी डुलत राहते. पहिल्या दिवशी मांड्या पेटतात. दहा मिनिटं उभं, पाच मिनिटं बसून, असं करा. तुमची उंची बरी असेल तर हँडल खाली वाटेल. त्याला राइझर (हँडल उंच करणारे तुकडे) मिळतात. पण त्याआधी क्लच-ब्रेकच्या दांड्या थोड्या खाली फिरवून घ्या, फुकटात काम होतं. दांड्यांचे बोल्टही करकचून आवळू नका. गाडी पडली तर दांडी फिरावी, तुटू नये.

शिकायला डोंगर नको, एक मोकळं रान पुरे. पीक निघाल्यावरचं पडीक रान, मालकाला विचारून. पाण्याच्या चार रिकाम्या बाटल्या घ्या आणि पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगात, त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा. आधी बसून, मग उभं राहून. रेस एकसारखी ठेवायची आणि वेग क्लचनं कमी-जास्त करायचा. क्लचवर दोनच बोटं. हे करताना एक सवय मोडावी लागते. डांबरावर आपण गाडीबरोबर आत झुकतो. मातीत उलटं: गाडी आत झुकवायची, आपण सरळ राहायचं आणि वजन बाहेरच्या पेगवर द्यायचं. टायरला खाली दाब मिळतो, तो धरतो. मला हे अंगात भिनायला पाच-सहा रविवार लागले. बाटली जवळ आली की बाटलीकडेच बघायचो आणि बाटलीवरच जायचो. दगडाचंही असंच होतं, म्हणून दगड सोडून वाटेकडे बघायला शिकावं लागतं.

ब्रेकबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतील. एक, "मातीत पुढचा ब्रेक शिवायचाच नाही." हे चूक आहे, मातीतसुद्धा थांबवायचं बरंचसं काम तोच करतो. फक्त हात सरळ, चाक सरळ, एक किंवा दोन बोटं, आणि दाब हळूहळू वाढवत. वळलेल्या चाकावर दाबलात की माझ्यासारखं होतं. मागच्या ब्रेकचा सराव वेगळा करा. तुमची गाडी 2020 नंतरची असेल तर मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायचं बटण असेल. तो बंद करा, वीसच्या वेगात मागचं चाक मुद्दाम लॉक करा आणि घसरू द्या. दहा-बारा वेळा केलं की घसरण्याची भीती जाते, कारण मागचं चाक घसरलं तरी गाडी पडत नाही हे अंगाला कळतं.

चढावर मध्येच बंद पडलात तर घाईत क्लच दाबू नका. नवखा माणूस नेमका तोच दाबतो आणि गाडी मागे सुटते. गिअरमध्ये बंद पडलेली गाडी इंजिनच्या जोरावर उभी राहते. पुढचा ब्रेक धरा, श्वास घ्या, गाडी चढाच्या बाजूला किंचित कलती ठेवा, मग क्लच थोडा थोडा सोडत-दाबत मागे उतरवा. चढाच्या बाजूला पडलात तर पडण्याचं अंतर कमी असतं, दरीच्या बाजूला पडलात तर मोजायची सोय नाही.

पडणार आहातच, म्हणून उचलायला शिका. तेही घराच्या अंगणात, जुनी गादी टाकून. हिमालयन पेट्रोल धरून 200 किलोंच्या आसपास आहे. पाठीतून वाकून उचलायला गेलात तर शिकणं तिथंच संपेल. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), कारण पेट्रोल ठिबकायला लागतं. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते (हो, पडली आहे). गाडी गिअरमध्ये असू द्या, म्हणजे सरकत नाही. हँडल पूर्ण वळवा, चाकाचं तोंड जमिनीकडे. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवा, एका हातात खालची ग्रिप, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअर, हात सरळ, आणि लहान लहान पावलं मागे टाकत ढकला. सगळा जोर मांड्यांचा. एकट्यानं दिवसातून तीन वेळा जमतं, चौथ्यांदा कुणाची तरी वाट बघावी लागते. म्हणून एकट्यानं आडरानात जायचं नाही.

जमिनीबद्दल आपल्याकडचं एक ज्ञान इंग्रजी व्हिडिओत मिळत नाही. काळ्या रानात पावसानंतर लगेच शिरू नका. ती माती चाकाला लाडवासारखी चिकटते, पुढच्या मडगार्डखाली भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. मी एकदा काडीनं कोरून कोरून तासभर माती काढली आहे. शेतकऱ्याला विचारा, वाफसा आलाय का. वाफशावरचं रान गाडीला झकास असतं, ना धूळ ना चिखल. मात्र पेरणीच्या रानात तेव्हा पाऊल टाकलंत तर मालक काय बोलेल ते मी इथं लिहू शकत नाही. ट्रॅक्टरनं पडलेल्या खोल चाकोरीत अडकलात तर तिच्यातच राहा. नजर वर, रेस चालू, आणि जिथं ती उथळ होईल तिथं बाहेर. चाकोरीबाहेर जायची हौस इथं करायची नाही.

वाळूत नियम वेगळा: वजन मागे, रेस सोडायची नाही, पुढचं चाक डुलू द्यायचं. येरळेच्या कोरड्या पात्रात जी काही वाळू उपशातून वाचली आहे, तिच्यात मी हे शिकलो. कोकणात पुळणीवर मात्र गाडी घालू नका. खारं पाणी चेन आणि स्पोक खातं, आणि बहुतेक ठिकाणी ते चालतही नाही. तसंच कासचं पठार किंवा सुप्याकडची गवताळ रानं. ती रिकामी दिसतात, पण गवतात पक्ष्यांची घरटी जमिनीवरच असतात. पाणंद आहे, शिवरस्ता आहे, त्यावरून जा.

टायरची हवा मी रस्त्यावर पुढे 25, मागे 32 पीएसआय ठेवतो. मातीत पुढे 20, मागे 22 च्या आसपास. फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतो. याहून खाली नको, आपल्या गाडीत ट्यूब आहे, दगडावर रिमखाली चिमटून फुटते. परत डांबरावर येताना भरायला हातपंप जवळ हवा.

खर्च करायचाच असेल तर आधी बुटांवर करा. घोटा आणि नडगी झाकणारे, कडक तळव्याचे. मग गुडघ्याचे गार्ड. क्रॅशगार्ड, जादा दिवे, एक्झॉस्ट वगैरे पुढच्या वर्षी. बॉक्सही काढून ठेवा, सामान न्यायचं तर कापडी पिशव्या बांधा. आणि मित्राकडे हीरोची एक्सपल्स मोटरसायकल असेल तर पहिले दोन महिने तीच मागून आणा. आपल्या गाडीपेक्षा चाळीसेक किलोंनी हलकी, पडली तरी मन खचत नाही. तिच्यावर शिकलेलं सगळं हिमालयनवर चालतं.

व्हिडिओ बघत असाल तर उड्या बघू नका. भारतीय रायडर हरिथ नोहानं 2024 च्या डकार या वाळवंटी रॅलीत रॅली-टू गटात पहिला नंबर मिळवला, त्याची फुटेज शोधून हळू लावा आणि फक्त कोपरं-गुडघे बघा. गाडी खाली नाचत असते, डोकं जवळजवळ स्थिर. त्या गाड्यांचं सस्पेन्शन आणि आपलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून उडी मारायला जाऊ नका, रिम आणि कंबर दोन्ही आपलीच.

स्पितीचं: जुलैपर्यंत आठ-दहा रविवार दिलेत तर जा. मनालीकडून जाताना लागणारा ग्रांफू ते बातल हा पट्टा दगडगोट्यांचा आहे, नाले रस्त्यावरूनच वाहतात. बर्फ वितळून पाणी येतं, त्यामुळे पहाटे गुडघ्याखाली असलेला नाला दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतो. म्हणून तिकडे लोक उजाडता निघतात. नाला आधी पायी चालून बघा, मग पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर, क्लच दाबायचा नाही. तळ दिसत नसेल तर ट्रक येईपर्यंत थांबा आणि तो कुठून जातो ते बघा. एक गोष्ट मात्र इकडे शिकता येत नाही. चौदा-पंधरा हजार फुटांवर गाडी एकदा उचलली की पुढची पाच मिनिटं माणूस नुसता धापा टाकतो. तिकडे पडायचं कमी आणि थांबायचं जास्त, असं ठरवूनच निघा.

आणि खिशात ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा ठेवा, शक्यतो दुहेरी शिवलेला. मऊ मातीत साइड स्टँड रुततो, तो खाली ठेवायला. सहा महिने शिकून, एकदाही न पडता मी गावात शिरलो, पारासमोर गाडी लावली, चहा घ्यायला वळलो आणि मागे धप्प आवाज आला. तो तुकडा मला भावानंच दिला, त्याच दिवशी.