प्रश्न वाचकांचे : बायोमेडिकलचा उन्हाळी वर्ग कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीची परीक्षा देऊन आता बारावीत जाईल. तिला डॉक्टर व्हायचे नाही, परंतु रुग्णालयातील यंत्रांविषयी विलक्षण कुतूहल आहे. एका खासगी संस्थेच्या दोन आठवड्यांच्या बायोमेडिकल अभियांत्रिकी वर्गाची जाहिरात आम्ही पाहिली. शुल्क आमच्या ऐपतीच्या मानाने बरेच आहे आणि शेवटी ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ मिळेल, असे म्हटले आहे. तिला पाठवावे का? — एक पालक, सांगली

उत्तर : प्रमाणपत्राचा विचार मनातून काढून टाका. आपल्याकडे अभियांत्रिकीचे प्रवेश मुख्यतः सीईटी आणि जेईईच्या गुणांवर होतात. तिथे या कागदाला कोणी विचारणार नाही. पाहायचे ते एवढेच की, या दोन आठवड्यांत मुलीच्या हाताला काय काम मिळणार आहे. संस्थेकडून दिवसवार वेळापत्रक मागून घ्या. त्यात निव्वळ व्याख्याने आणि ‘आरोग्यसेवेचे भविष्य’ या थाटाची सादरीकरणे असतील, तर शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या वर्गात काय घडते, हे ईसीजीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. त्वचेवर मिळणारा हृदयाचा विद्युत संकेत जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. विद्यार्थी ब्रेडबोर्डवर (डाग न देता सर्किट जोडायच्या पाटीवर) संकेत मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडतात, दोन्ही मनगटांना आणि एका पायाला इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणाऱ्या चकत्या, लावतात, आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांऐवजी एक जाडजूड, थरथरणारा पट्टा दिसतो. ती असते खोलीतल्या वीजवाहिन्यांची ५० हर्ट्झची घरघर. ती दोन्ही हातांवर जवळपास सारखीच येते, तर हृदयाचा संकेत दोन्ही हातांवर वेगळा असतो. म्हणून दोन्ही संकेतांची वजाबाकी करणारा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या, इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट पुसली, की पट्टा बारीक होत जातो आणि त्यातून ठोक्याचे टोक वर येते. हे झगडणे ज्या वर्गात विद्यार्थ्याच्या वाट्याला येते, तो वर्ग पैसे देण्याजोगा. (हा प्रयोग बॅटरीवरच करतात ना, तेही विचारा. अंगाला जोडलेले शिकाऊ सर्किट विजेच्या प्लगवर चालवू देणाऱ्या ठिकाणी मुलीला मुळीच पाठवू नका.)

दुसरी कसोटी माणसांची. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर बोटातून तांबडा आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो आणि कोणता किती शोषला गेला, यावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. गार पडलेली बोटे किंवा गडद नेलपॉलिश यांमुळे तो चुकू शकतो, हे पूर्वीपासून माहीत होते. मात्र २०२०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात घटलेला असूनही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवत असल्याचे प्रकार गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये सुमारे तिप्पट होते. सर्किटात बिघाड नसतानाही उपकरण काही माणसांच्या बाबतीत उणे पडते, हे विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत बसून कळत नाही. म्हणून निदान एखादा दिवस रुग्णालयात जाणे आणि तेथील परिचारिकांशी व यंत्रांची देखभाल करणाऱ्या ‘बायोमेड’ विभागातील तंत्रज्ञांशी बोलणे वेळापत्रकात आहे का, ते पाहा. कोणता अलार्म वारंवार उगाच वाजतो आणि कोणती वायर सारखी तुटते, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

यातले काहीच नसेल, तर तेच पैसे राखून ठेवा आणि ओळखीच्या रुग्णालयात विनंती करून मुलीला बायोमेड विभागात चार दिवस बसू द्या. तिने बारावीत गणित मात्र सोडू नये. जीवशास्त्राच्या ओढीने गणित सोडलेल्या मुलांना अभियांत्रिकीच्या दारातून परत फिरावे लागते.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या महाविद्यालयात बायोमेडिकल शाखा नाही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत एखादे वैद्यकीय उपकरण तयार करून पेटंट घेता येईल का? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : शाखा नसल्याची खंत बाळगू नका, या क्षेत्राला इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलची मुले हवीच असतात. पेटंटची घाई मात्र सोडा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली, तेव्हा आधीचे तीन आराखडे बाद करावे लागले आणि चौथ्या आराखड्याची झडप १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. मिनिटाला ७० ठोके धरले, तर अशी झडप वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा उघडते आणि मिटते. तिची झीज तपासायलाच किती काळ लागत असेल, याचा अंदाज करा.

दोन महिन्यांत एखादी गरज नीट समजून घेणे, तिच्यावर आधी काय काय करून पाहिले गेले आहे ते शोधणे आणि एक ओबडधोबड नमुना बनवणे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. भारतातील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीतून विद्यार्थ्यांना दोन महिने एखाद्या संशोधकाबरोबर काम करता येते आणि ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही खुली आहे. परंतु तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी मागवले जातात, त्यामुळे दिवाळीपासूनच लक्ष ठेवा. आयआयटी मुंबईत २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘बेटिक’ या केंद्राने डॉक्टर, अभियंते आणि डिझायनर यांना एकत्र बसवून उपकरणे घडवण्याची पद्धत रुजवली. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थाही त्यात सहभागी झाल्या. तिथले काम वाचून काढा आणि मगच प्राध्यापकांना पत्र लिहा. ‘मला कोणतेही काम चालेल’ अशा पत्राला सहसा उत्तर येत नाही.

प्रश्न : अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात विद्यावेतन देऊन संशोधन करू देतात, असे ऐकले. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याला अर्ज करता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ऐकले ते बहुधा तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘आरईयू’ योजनेविषयी असावे. त्या निधीतून केवळ अमेरिकेचे नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांनाच विद्यावेतन मिळते, त्यामुळे भाच्याला तो मार्ग बंद आहे. उलट शालेय मुलांसाठी तेथील नामांकित विद्यापीठांच्या आवारात भरणारे बरेचसे उन्हाळी वर्ग सशुल्क असतात आणि त्यांना हजेरी लावल्याने पुढे त्या विद्यापीठात प्रवेश मिळतो, असे मुळीच नाही. भाच्याने आधी वर सांगितलेल्या अकादमींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा.