काढा राहू दे, आधी त्यांना एक दार दे

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही लवंग, पुदिना, बडीशेप एवढंच दिसलं, कारण तू अख्खं पत्र त्याच्यावरच लिहिलंयस. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सासूबाई ७१ वर्षांच्या, तीन वर्षांपासून तुमच्याकडे राहतात, तोंडाला खूप वास येतो. तुझ्या सहा वर्षांच्या मुलाने ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तेव्हापासून त्या तोंडावर हात धरून बोलतात आणि तो गोष्ट ऐकायला त्यांच्याजवळ जात नाही. तू बडीशेप-वेलचीची डबी भरून ठेवलीस, लवंगेचं तेल आणलंस, मध घालून पुदिन्याचा काढा दिलास, पोट साफ नसेल म्हणून चूर्ण दिलंस, मिंटच्या गोळ्या तर घरभर ठेवल्यास. नवरा म्हणतो म्हातारपणी असं होतंच. आणि तुला विचारायचंय की यापेक्षा चांगला नैसर्गिक उपाय कोणता आणि त्यांना न दुखावता सांगायचं कसं.

पण दुसऱ्यांदा वाचताना मी एका कंसापाशी थांबले. तू लिहिलंयस, "(त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, कवळी तर झोपतानापण काढत नाहीत, आम्ही कोणी त्यांना कवळीशिवाय बघितलेलंच नाही.)" आणि शेवटी घाईघाईत लिहिलंयस की हे सगळं तू स्टडीरूमचं दार लावून लिहितेयस, त्यांना कळू नये म्हणून.

म्हणजे घरात एक खोली आहे. तिला दार आहे. रात्री तिथे कोणी झोपत नाही. आणि ७१ वर्षांची बाई तीन वर्षं हॉलमध्ये झोपतेय, जिथून रात्री कोणीही पाणी प्यायला जातं, सकाळी पोरगं उठून आधी तिथेच पळत येतं. अगं, ती कवळी काढणार कुठे? आणि काढून ठेवणार कुठे, टीव्हीशेजारी ग्लासात?

माझ्या आईला पूर्ण कवळी बसली तेव्हा ती दिवा मालवल्यावरच काढायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लावायची. बाबांनाही तिने कधी तो चेहरा दाखवला नाही. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले, बोलणं फसफसतं, ते कोणी बघू नये असं वाटणं मला तरी अजिबात हट्टीपणा वाटत नाही. पण तिला दार लावता येत होतं, तुझ्या सासूबाईंना ते नाही, म्हणून त्या चोवीस तास कवळी लावून बसतात. आणि तुला जो वास येतो ना तो बहुतेक त्याचाच आहे.

कसा ते सांगते. तोंडाच्या वासाच्या १०० केसेस घेतल्या तर ८०-९० मध्ये कारण तोंडातच असतं, पोटात नाही. अन्ननलिका एरवी बंद असते, पोटातला वास असा सतत वर येत नाही, त्यामुळे ते चूर्ण आजच बंद कर. तोंडात हवा न लागणाऱ्या जागी जे जंतू राहतात ते अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात, सडक्या अंड्याला येतो तोच वास. ज्यांना दात आहेत त्यांच्यात ही जागा म्हणजे जिभेचा मागचा भाग आणि हिरड्यांच्या फटी, पण पूर्ण कवळी असेल तर सगळ्यात मोठी बंद जागा कवळी आणि टाळूच्या मधली. कवळीचं मटेरियल गुळगुळीत दिसतं पण त्याला बारीक छिद्रं असतात, वर्षानुवर्षांचे ओरखडे असतात, जंतू आणि बुरशी तिथे घट्ट बसतात. झोपेत लाळ खूप कमी होते (म्हणून तर सकाळी तुझ्यामाझ्याही तोंडाला वास येतो), आणि टाळू झाकलेली असेल तर जी काही लाळ असते तीही तिथे पोचत नाही. त्यात तू लिहिलंयस की बीपीची गोळी चालू आहे आणि रात्री उठायला लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. बीपीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, वर पाणी नाही. मग वास नाही येणार तर काय होणार?

आता तुझे उपाय. लवंग वाईट नाही, तिच्यातलं युजेनॉल खरंच जंतूंवर चालतं, पण ते हिरडी बधिरही करतं. कवळी घासून खाली जखम झाली असेल तर लवंगेच्या तेलाने दुखणं दबेल आणि जखम वाढत राहील, शिवाय तेल तसंच लावलं तर नाजूक हिरडी भाजते. बडीशेप, वेलची दात असलेल्या माणसाला ठीक, चावताना लाळ सुटते, थोडा वेळ सुगंध राहतो. पण कवळीवाल्या माणसाला? ते दाणे कवळीखाली जाऊन टोचतात आणि तिथेच कुजतात, म्हणजे तू प्रेमाने भरून ठेवलेली डबी उलट त्रासाची आहे. मिंटच्या गोळ्यांत साखर, काढ्यात मध, दोन्हीवर बुरशी पोसते. कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी चालेल, फक्त गिळायची नाही, बीपी आहे. बिनसाखरेचा ग्रीन टी चालेल, वास थोडा वेळ कमी होतो. पण यातलं काहीही कवळीखाली साचलेली घाण काढत नाही, हे कळलं की उपाय शोधायची तुझी धावपळ आपोआप थांबेल.

आणि हे फक्त वासाचं नाही. २०१५ मध्ये जपानमधला एक अभ्यास छापून आला होता, ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांना तीन वर्षं बघितलं होतं, त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. सासूबाई अजून त्या वयाच्या नाहीत हे मान्य, पण तोपर्यंत वाट बघणार आहात का?

तेव्हा या शनिवारी स्टडीरूम रिकामी करायची. नवऱ्याचं कॉम्प्युटरचं टेबल हॉलमध्ये येईल, त्याला अडचण होईल, होऊ दे. "म्हातारपणी असं होतंच" म्हणणं सोपं असतं कारण त्यात स्वतःला काही हलवायला लागत नाही. सासूबाईंचा पलंग आत, उशाशी छोटं टेबल, त्यावर पाण्याचा तांब्या, आणि आतलं दिसणार नाही अशी झाकणाची डबी. खोलीला आतून कडी हवी. त्यांना काय सांगायचं विचारतेस तर एवढंच सांग, "आई, ही खोली आता तुमची, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, डॉक्टर तसंच सांगतात, दार लावून झोपा." वासाचा शब्द काढायची गरजच नाही, तो नातवाने आधीच काढलाय आणि त्यांना तो पुरेसा लागलाय.

कवळी टूथपेस्टने घासायची नाही, ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि साधा सौम्य साबण, खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. गरम पाणी अजिबात नाही, आकार बदलतो. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून, सकाळी धुऊन लावायची. आणि दात नसले तरी जीभ, हिरड्या, टाळू हे मऊ ओल्या कापडाने रोज पुसायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसणार.

पुढच्या आठवड्यात डेंटिस्टकडे न्या. त्यांच्या मुलाने, म्हणजे तुझ्या नवऱ्याने न्यायचं, तू नाही. कवळी आठ वर्षं जुनी म्हणतेस, दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतं आणि कवळी सैल होते, खाली अन्न जातं, ती नीट बसवून घ्यायला लागेल किंवा नवी करायला लागेल. टाळू लाल झाली असेल तर ती बुरशी असू शकते, तिला डॉक्टरचंच औषध लागतं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर ती दाखवायचीच. हे सगळं करूनही महिन्याभरात वास गेला नाही तर मग नाक, सायनस, शुगर, किडनी तपासायला फिजिशियनकडे, आणि तेव्हा गोळ्यांची यादी सोबत न्या. बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही हं.

तू वाईट सून आहेस असं मी म्हणत नाहीये, काढे करायला वेळ लागतो आणि तू तो दिलास. पण तुला त्यांच्या तोंडाचा वास तीन वर्षं येत होता आणि त्यांना झोपायला दार नाही हे एका कंसात मावलं, याचा मला राग आला, तो लपवत नाही.

पोराला आजीला सॉरी म्हणायला लावून त्यांना परत लाजवू नकोस. त्याला एवढंच शिकव की आजीच्या खोलीचं दार लावलेलं असेल तर टकटक करायची, आणि त्या "ये" म्हणेपर्यंत बाहेर थांबायचं. तुम्ही दोघंही तसंच करा.